पाण्यातून चालत जाण्याचं क्रियापद

मार्च उजाडला की आमच्या घरात कुणी ना कुणी काहीतरी पाठ करत असतं. यंदा पाळी माझ्या लेकीची, रिद्धीची. तिला वकिलीच्या प्रवेशपरीक्षेला बसायचंय आणि क्लासवाल्यांनी 'इंग्रजी शब्दांची मुळं' नावाची एक जाडजूड भानगड तिच्या गळ्यात बांधली आहे. ती गॅलरीत येरझाऱ्या घालत घोकते. खालच्या गल्लीत कापडाचे लूम खटखटत असतात आणि त्या ठेक्यावर हिचं पाठांतर चालतं. "वादेरे, वादेरे, जाणे. लॅटिन. वादेरे, जाणे."

मी वाल सोलत बसले होते. म्हटलं, "नुसतं जाणे? कसं जाणे? लंगडत जाणे, पळत जाणे, रुसून माहेरी जाणे?"

"आई, प्लीज. एका मार्काचा प्रश्न आहे."

एका मार्काचा प्रश्न असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. वीसेक वर्षं मी इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि एका मार्कासाठी अख्खा शब्द गिळून टाकणारी पोरं मी रोज बघते. वालाचं भांडं बाजूला सारलं, हात पुसले आणि कपाटातला जाडा शब्दकोश काढला. लेकीनं कपाळाला हात लावला. "झालं! आता जेवण नऊला!"

तर वादेरे. जाणं खरंच, पण जरा नेटाचं जाणं. ठरवून, पाऊल पुढे टाकत, न रेंगाळता. फ्रेंच किंवा इटालियन माणूस 'मी जातो' म्हणतो, त्या त्यांच्या बोलण्यात हेच क्रियापद झिजून, लहान होऊन उरलंय. इंग्रजीत ते एकटं कुठे दिसत नाही, पण कुणाच्या तरी हाताला धरून आलंय: घुसण्याच्या 'इन्व्हेड'मध्ये आहे, निसटण्याच्या 'इव्हेड'मध्ये आहे, सगळीकडे भरून राहण्याच्या 'पर्व्हेड'मध्येही आहे. इथपर्यंत मला माहीत होतं. पुढची ओळ मात्र मी याआधी कधी वाचली नव्हती. त्याच घरातला एक नामशब्द दिला होता, वादुम. म्हणजे नदीतली किंवा खाडीतली उथळ जागा, जिथून माणूस पायी पलीकडे जाऊ शकतो. आणि इंग्रजीत पाण्यातून पाय ओढत चालण्याला जो शब्द आहे, तो या दोघांचा लांबचा चुलतभाऊ. (आपल्या लिपीत लिहिला तर त्याचं 'वेड' होतं, तेव्हा राहू दे.)

म्हणजे जाणं आणि पाण्यातून जाणं ही एकाच कुळातली. शब्दकोश मांडीवर तसाच उघडा राहिला आणि नाकात खाडीचा वास भरला. लूमची खटखट कुठल्या कुठे गेली. रिद्धी काहीतरी विचारत होती, ते मला ऐकूच आलं नाही.

आमचं गाव खाडीच्या अलीकडे. पलीकडे रस्ता, यष्टी, शाळा, दवाखाना, थोडक्यात सगळं जग. गावात म्हणच होती, 'भरतीला होडी, सुकतीला पाय.' सुकती म्हणजे ओहोटी. पाणी भरलं की होडीतून जायचं आणि उतरलं की खाडीतल्या एका उथळ पट्ट्यातून चालत. त्या पट्ट्याला आम्ही उतार म्हणायचो. चिखल गुडघ्यापर्यंत, पण खाली कडक थर, शतकानुशतकं लोकांनी तुडवून घट्ट केलेला. दोन्ही बाजूंना तिवरं. निवट्या चिखलावरून पोटानं सरपटायच्या, मधेच उडी मारायच्या. माशाच्या जातीला चालायची कोण हौस! मार्चमध्ये लांबच्या मिठागरातली पांढरी रास डोळ्यांत खुपायची. आंब्याचा मोहोर आणि चिखल यांचा मिळून एक वास यायचा, तो मला आजही परीक्षेचा वास वाटतो. अत्तरवाल्याला सांगून बाटलीत भरता आला असता तरी मी तो मुळीच विकत घेतला नसता, इतकी धडकी त्यात आहे.

अडचण व्हायची ती मधल्या वेळेत. अर्धं पाणी उतरलं की होडी काठच्या चिखलात बसायची आणि उतारावर अजून पुरुषभर पाणी असायचं. होडीही नाही, पायही नाही. म्हणून वेळ ठाऊक असणं हे आमच्याकडे शहाणपणापेक्षा मोठं. आणि गावाची वेळ माझ्या बाबाच्या बोटांवर होती. आमच्यात बापाला अहो-जाहो नाही. माया एकेरी, राग एकेरी. बाबा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा, ओठ हलवायचा आणि सांगायचा, "पुनवेला बाराची भरती. म्होरं दर तिथीला पाऊन तास. आपल्या आतल्या खाडीला आनखी दीड." झालं पंचांग. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला जाणाऱ्या बायका त्याला विचारून निघायच्या. नवरीकडचं वऱ्हाड त्याच्या बोटांवर चालायचं. रोगी माणसाला पलीकडे न्यायचं तरी आधी कुणीतरी आमच्या ओट्याशी येऊन हाक मारायचं. आणि तो कधी चुकला नव्हता. म्हणजे माझ्या दहावीच्या इंग्रजीच्या पेपरापर्यंत.

इथे एक गोष्ट कबूल करून टाकते, कारण तीस वर्षं ती माझ्या घशात अडकली आहे. त्या दिवशी बाबा चुकला, असं सगळा गाव मानतो. बाबाही मानतो. पण तो चुकणार हे मला आदल्या संध्याकाळी माहीत होतं आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. यंदा सांगायचं, असं मी त्या शब्दकोशासमोर बसल्या बसल्या ठरवलं. बाबा आता ऐंशीला टेकलाय. गेल्या पावसाळ्यात पडला, तेव्हापासून वॉकर धरून चालतो. माणसांची नावं त्याच्या हातून निसटू लागली आहेत. एक दिवस ती खाडीही निसटेल आणि मग मी कुणाला सांगू?

तर ती संध्याकाळ. होळी पेटून गेली होती आणि धुळवडही झाली होती. गावभर राखेचा आणि नारळाच्या करवंट्यांचा वास. आमच्याकडे होळी म्हणजे काय सांगू, दिवाळीला कुणी विचारत नाही. ढोलकीनं सगळ्यांचे कान बधिर झालेले, पुरुष रंगानं माखून ओट्यांवर आडवे आणि मी चुलीशेजारी इंग्रजीची पत्रं पाठ करतेय. 'आदरणीय महोदय, मी आपला आज्ञाधारक विद्यार्थी.' बाबा आला, अंगठा पेरांवर टेकवला. "होली, धुलवड, बीज. उद्या बीज. म्हंजे पावनेनवाला सुकती. साडेआठाला उतारावर, नवाला पल्याड, साडेनवाची यष्टी. काय समजलीस?"

समजले. पाणी प्यायला उठले. दाराच्या मागे भाताच्या गिरणीतून मिळालेलं कॅलेंडर टांगलेलं होतं, त्यावर सहज नजर गेली. धुळवडीच्या चौकोनात प्रतिपदा आणि तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत: द्वितीया क्षयतिथी. पुढच्या चौकोनात सरळ तृतीया. चंद्राचा काही नेम नसतो; कधी एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच उरकून जाते, तिला स्वतःचा दिवसच मिळत नाही. बीज धुळवडीच्या पोटात विरघळून गेली होती. उद्या तीज होती. म्हणजे पाणी पाऊण तास उशिरा उतरणार होतं.

एरवी बाबाला हे आपसूक कळलं असतं. रोज संध्याकाळी तो चंद्राकडे बघायचा. पण होळीत कोण चंद्र बघतंय? आमचा अख्खा गाव होळीपासून दिवस मोजतो, होळी, धुळवड, बीज, बोटं आपोआप दुमडतात.

मी कॅलेंडरासमोर उभी राहिले. बाबा ओट्यावर विडी ओढत होता. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाबाला काय सांगायचं? ज्याला सगळा गाव विचारतो, त्याला पंधरा वर्षांची पोर, तीही कॅलेंडर दाखवून? आणि खरं सांगू? मनात असंही आलं, कॅलेंडरच चुकलं असेल. गिरणीचं फुकटचं कॅलेंडर, त्याचा काय भरवसा! आपल्याला बोलायचं नसलं की मन किती कामाला लागतं बघा. मी परत आज्ञाधारक विद्यार्थी पाठ करू लागले.

सकाळी साडेआठला उतारावर पोहोचलो, तर उतार नव्हताच. पाणी होतं. मातकट, शांत, वरती सूर्याचा एक लांबलचक पिवळा पट्टा हलतोय. होडी मागे चिखलात तिरकी बसलेली. बाबानं पाण्यात एक काडी टाकली, ती कुठे किती वेगानं जाते ते बघितलं. पाणी उतरायला अजून तास लागणार होता आणि यष्टीलाही तासच उरला होता. पलीकडच्या काठापासून थांब्यापर्यंत बांधाबांधानं अर्धा तास. म्हणजे थांबलं तर पेपर गेला. पेपर गेला तर वर्ष गेलं, आणि त्या काळी आमच्यात मुलीचं एक वर्ष गेलं की पुढची वर्षं तिच्या हातात राहत नसत. वरच्या आळीतल्या एका स्थळाचं बोलणं घरात सुरू होतंच.

बाबानं माझं हॉल तिकीट आणि पेनं प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी मुंडाशात खोचली. बांबू हातात घेतला. "माझ्या मागनं ये. खाली बघू नको."

पुढचं मला नीट आठवतं असं मी म्हणणार नाही. स्वप्नातलं आठवतं तसं आठवतं. आधी पाणी कमरेला गार लागलं आणि मग गार लागायचं थांबलं. गणवेशाचा झगा फुगून वर आला, मी तो दोन्ही हातांनी खाली दाबत होते. बुडायची भीती नाही, लाज! तिवरांची पानं पाण्यात अर्धी बुडालेली. एक बगळा काठावर उभा राहून आमच्याकडे असा बघत होता की वाटलं, हा पर्यवेक्षक आहे. बांबू टाकायचा, चाचपायचं, पाऊल. बांबू, चाचपणं, पाऊल. बाबाच्या पाठीवर कालचा गुलाल होता, तो पाण्यात सुटत चालला होता आणि त्याची गुलाबी रेघ माझ्यापर्यंत यायची. मधोमध पाणी गळ्याला लागलं. पायाखालचा कडक थर एका पावलात नाहीसा झाला आणि मी खारट पाणी गिळलं. नाकात, कानात, डोळ्यांत. मग दंडाला एक हिसका बसला, असा की आठवडाभर तिथे काळंनिळं होतं. परत थर लागला. आम्ही पलीकडे होतो.

पलीकडे चिखलात बसून बाबानं पाण्याकडे बघितलं. खूप वेळ. तो धापा टाकत होता. मग म्हणाला, "ही बीज न्हाय. पानी तिजंचं हाय." आणि नंतर माझ्याकडे न बघता, "मी चुकलो गो, बाय. तुला बुडवली असती."

तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा तरी! इतकंच म्हणायचं होतं की बाबा, मी वाचलं होतं. पण मी उठले, झगा पिळला आणि यष्टीच्या दिशेनं पळत सुटले. निसटणं. त्या लॅटिन क्रियापदाचा तोही एक अर्थ आहे, बाहेर निघून जाणं, अंगावर काही न येऊ देता. ओल्या कपड्यांनी पेपर लिहिला. बाकावर माझ्या खाली मिठाचा डाग पडला. पास झाले, पुढे शिकले, त्या वरच्या आळीतल्या स्थळातून सुटले आणि आज पोरांना त्याच इंग्रजीतली क्रियापदं शिकवते. सगळं त्या एका ओलांडण्यावर उभं आहे.

आणि बाबानं बोटं मोजणं सोडलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यानं ताकच सोडलं. चिंबोरीवाल्या बाया ओट्याशी आल्या की म्हणायचा, "क्यालेंडरात बगा. मना काय इचारता?" आधी बायांना वाटलं, थट्टा करतोय. मग कुणी विचारेनासं झालं. आई म्हणायची, "एकदा चुकला तर काय आभाल कोसललं?" तो उठून गोठ्यात जायचा. पुढे पूल झाला, पाण्याची वेळ विचारायची कुणाला गरजच उरली नाही आणि सगळ्यांना वाटलं की पुलामुळे बाबाची विद्या गेली. मला ठाऊक होतं ती कधी गेली. पूल व्हायच्या कितीतरी वर्षं आधी.

आपल्याकडे अगाध हा शब्द आपण देवाच्या लीलेसाठी आणि कुणाच्या अज्ञानासाठी वापरतो. पण संस्कृतात गाध म्हणजे उथळ, पाय टेकतील असं पाणी. अगाध म्हणजे जिथे पाय टेकत नाहीत. रोमन लोकांनीही खाडीसमोर उभं राहून हाच विचार केला असणार: इथून जाता येईल का? कुठल्याही भाषेत, मला वाटतं, माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. माणसांच्या मधेही असे उतार असतात. अमुक वेळेला बोललं तर पाय टेकतात आणि ती वेळ टळली की तेच पाणी अगाध होऊन बसतं. मी तीस वर्षं काठावर उभी होते. शिक्षिका! दुसऱ्यांच्या पोरांना सांगते, शंका आली की हात वर करा.

तर यंदा धुळवडीला मी एकटीच गावी गेले. रिक्षावाला उत्तर प्रदेशातला, पुलाच्या तोंडाशी येऊन विचारतो, "मॅडम, इस तरफ छोडूं के उस तरफ?" म्हटलं, "उस तरफ, भैया." तीन मिनिटांत खाडी ओलांडली. खाली उतार दिसतो का म्हणून वाकून बघितलं, पण भराव पडलाय आणि त्यावर गोदामाची निळी पत्र्याची भिंत. भावानं आमची खारजमीन गोदामाला दिली, त्यात मी काही बोलत नाही. दोन पोरं शिकली त्याच्यावर.

बाबा ओट्यावर खुर्चीत बसला होता. कपाळाला नातवानं लावलेला गुलाल. दुपारी सगळे जेवून लवंडले तेव्हा मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि सांगितलं. फिरवून नाही, सरळ. गिरणीचं कॅलेंडर, मुंगीएवढी अक्षरं, क्षयतिथी. "मना ठाव व्हतं, बाबा. आदल्या सांजंलाच. मी बोलली न्हाय." त्याच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप उतरते, शाळेतली सगळी इस्त्री जाते.

वाटलं, विसरला असेल. नव्हता विसरला. त्याचा खालचा ओठ हलला. "तुना ठाव व्हतं," तो म्हणाला. मग वॉकर ओढला, उठला आणि टक टक करत आत निघून गेला. मी हात धरायला गेले तर त्यानं झटकला. संध्याकाळी जेवायला बाहेर आला नाही. वहिनी ताट आत घेऊन गेली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "काय बोललात त्यांना? भिंतीकडं तोंड करून बसलेत." मला रडू आलं. मनात म्हटलं, झालं समाधान? तुझ्या छातीवरचा दगड काढलास आणि ऐंशी वर्षांच्या माणसाच्या छातीवर ठेवलास.

सकाळी मी पिशवी भरली. बाबा उन्हात ओट्यावर बसला होता. मी पाया पडले, त्यानं डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. दाबून मला खाली बसवलं.

"त्या सांजंला तू बोलली असतीस," तो हळूहळू म्हणाला, "बाबा, उद्या बीज न्हाय, तीज हाय. तर मी काय केलं असतं?"

मी पिशवी खाली ठेवली.

"हासलो असतो. बोललो असतो, चार बुकं शिकली न् बापाला पानी शिकवाया लागली. आन् घातलीच असती तुला पान्यात. त्याच टायमाला." डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यानं पुसलं नाही. "रातभर तेच बगत व्हतो गो. तू बोलतेस, मी आयकत न्हाय. परत तू बोलतेस, मी आयकत न्हाय."

मी म्हटलं, "बाबा, जाऊ दे आता."

"न्हाय," तो म्हणाला. त्याचा हात अजून माझ्या डोक्यावर होता. "आता सांग. जे जे बोलली न्हायस ते सगलं सांग. आता मना कुटं जायाचं न्हाय."